इनामगावची पांढरी

गावाची जमीन दोन प्रकारची: पिकते ती काळी, राहायची ती पांढरी. काळी आयती मिळते, पांढरी माणसांना घडवावी लागते. चुलीची राख, सारवणाचं शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यानपिढ्या साचत जाते आणि जमीन फिकट होऊन उंचावते.

पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची पांढरी आहे. महाराष्ट्रातल्या खेड्याची कुळकथा सांगायची तर मी तिथूनच सुरुवात करीन. इथे पहिली चूल पेटली इ.स.पू. १६०० च्या सुमारास. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून बारा हंगाम इथे उत्खनन केलं आणि शंभराहून अधिक घरं उजेडात आणली.

हा पर्जन्यछायेचा मुलूख. भरवशाचं काही असेल तर ती नदी. म्हणून या लोकांनी बांध घातला, पाट काढला आणि मुख्यतः जव पिकवला. वस्तीत एका मोठ्या घराला लागून धान्याचं कोठार होतं. कुंभार आणि इतर कारागीर कडेला राहत, मातब्बर मधोमध. आपल्या गावगाड्याची ही पहिली रेषा तिथे स्पष्ट दिसते.

पण गाव म्हणजे काय, हे मला कळलं ते त्यांच्या दफनांवरून. मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यात त्याला निजवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. त्याच जमिनीवर आई दुसऱ्या दिवशी दळायला बसत असेल. मोठ्यांनाही घरातच पुरत, पण घोट्याखाली पावलं तोडून. मेलेल्यानेही घर सोडून जाऊ नये, असाच त्याचा अर्थ मला वाटतो. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण निघाला. त्यात बसवलेल्या माणसाची पावलं शाबूत होती. तो गावाचा प्रमुख असावा, असं संशोधक मानतात.

इ.स.पू. १००० नंतर पाऊस आटत गेला. ऐसपैस चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेतीपेक्षा शिकारीवर आणि शेळ्यामेंढ्यांवर भार पडू लागला. खालावलेली खापरंसुद्धा ती ओढाताण सांगतात. तरीही पुढची तीनशे वर्षं लोक जागा धरून राहिले. इ.स.पू. ७०० च्या आसपास गाव उठलं. घराखालची लेकरं मागेच राहिली.

अशा टेकाडांची माती कसदार असते. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी शेतकऱ्यांनी ती गाड्या भरभरून नेली आणि रानात पसरली. पांढरी पुन्हा काळीत मिसळली.