घामाचा बोजा, घराचा उंबरा

माझे अब्बा गवंडी होते. एका घराचे पैसे बुडाले तेव्हा आई म्हणाली, “शिंपी बघा, पैसे मिळाल्याशिवाय कपडा हातचा सोडत नाही.” अब्बा म्हणाले, “मग मी काय भिंत बगलेत मारून आणू?”

गंमत अशी, की १८७२ च्या आपल्या करार कायद्यात, कलम १७० मध्ये, खरोखर शिंप्याचाच दाखला आहे. कलम कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू देतं; पण दाखल्यातल्या शिंप्याने उधारी कबूल केलेली असते, म्हणून त्याला मात्र शिवलेला कोट अडवता येत नाही. गवंड्याची भिंत मात्र तिथे नाही.

अमेरिकेने यावर तोड काढली ती १७९१ मध्ये. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभारायची होती आणि उधारीवर राबायला कारागीर कचरत होते. तेव्हा मेरीलँडने कायदा केला: मजुरी थकली तर तिचा बोजा त्या इमारतीवरच चढेल. आपल्या सातबाऱ्यावर सोसायटीचा चढतो तसाच म्हणा. (त्याच राजधानीच्या बांधकामावर गुलामही राबले. त्यांची मजुरी त्यांच्या मालकांच्या खिशात गेली. तो घाम कोणत्या दप्तरी चढणार?)

पण बोजा चढला की घर लिलावात जाऊ शकतं. टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. १८३७ च्या मंदीने लोक कर्जात बुडाले होते. १८३९ मध्ये टेक्सासने राहतं घर सावकारापासून वाचवलं. पुढे १८७६ च्या राज्यघटनेत कारागिरासाठी फट ठेवली, तीही अरुंद: करार लेखी हवा आणि त्याला घरच्या बायकोची संमती हवी. नवऱ्याने परस्पर अंगठा उठवून भागणार नव्हतं. मला हे कलम फार आवडतं.

आज तिथे पहिली वीट पडण्याआधी करार होतो, नवरा-बायको दोघे सह्या करतात आणि कागद काउंटीच्या दप्तरी नोंदवतात. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी १९९७ मध्ये आणखी अटी आल्या. अर्जानंतर आता पाच दिवस थांबायचं. सही कर्ज देणारी संस्था, वकील किंवा मालमत्तेच्या हक्काचा विमा उतरवणारी कंपनी यांच्या कचेरीतच करायची. शिवाय तीन दिवसांत माघार घेता येते. दारात येऊन गोड बोलणाऱ्यापासून म्हातारी माणसं वाचावीत, हा हेतू उघड आहे.

मात्र सही राहिली तर प्रामाणिक कारागिराचाही बोजा चढत नाही. पैशांसाठी दावा लावता येतो, घराला हात लावता येत नाही.

अब्बांची वही माझ्याकडे आहे. ब्रासचे हिशेब चोख आहेत. घरधन्याची सही एकाही पानावर नाही.