विळा, कोयता आणि छप्पर

मंडळी, या शनिवारचा विषय जरा जुनाट आहे: गवताचं छप्पर शाकारायची हत्यारं. 'शाकारणे' हे क्रियापद शब्दकोशात आहे, पण आमच्या ऑफिसातल्या निम्म्या मराठी पोरांनी ते ऐकलेलंही नाही!

इंग्लंडमध्ये हा स्वतंत्र धंदा. मार्गारेट थॅचरबाईंचं (सासरचं) आडनाव त्यावरूनच आलंय. तिथल्या कारागिराकडे लेगेट नावाची खाचांची फळी असते. तिने बोरूची टोकं ठोकून उतार एकसारखा करायचा. शिवाय लांब सुया, आकडे, छाटायची पाती. सगळी याच कामासाठी घडवलेली.

आता आपल्या विदर्भातली यादी बघा. गवत कापायला विळा. बांबू तोडायला, चिरायला कोयता. लाकडाला कुऱ्हाड. खांबांचे खड्डे खणायला सब्बल. ओवायला दाभण, चढायला शिडी. यातलं एकही खास छपराचं नाही. सगळी शेतकऱ्याच्या घरात आधीच असलेली.

मग कौशल्य कुठे होतं? हातात. गवताच्या पेंढ्या खालून वर रचत जायच्या, म्हणजे वरचा थर खालच्या थराचा जोड झाकतो. वरून बांबूच्या कामट्या दाबायच्या आणि आतल्या बांबूला बांधायच्या. दोर पळसाच्या मुळांच्या वाखाचा. उतार चांगला तीव्र हवा; पाणी मुरायच्या आत वाहून गेलं पाहिजे. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलीमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. हिशोब चुकला की घर चंद्रमौळी!

फरक का पडला? तिकडचं बोरूचं छप्पर नीट केलं तर काही दशकं टिकतं, म्हणून कारागीर त्यावर पोट भरू शकतो. आपल्याकडचं गवत वाळवी, वारा आणि पावसापुढे लवकर हार मानतं. दरवर्षी डागडुजी. असल्या कामाला कायमचा कारागीर कुणाला परवडणार? मग घरचेच चढायचे, शेजारी हात लावायचे.

आणि इथेच इतिहासाची गोची होते. नागपूरचा अजब बंगला १८६३चा. तिथे शस्त्रांचं दालन आहे. पण ज्या विळ्याने धान कापलं आणि छपराचं गवतही, त्याला कुठल्या दालनात ठेवणार? खास हत्यार नाही, म्हणून खास नोंदही नाही.

पुढे छपरंच बदलली. कुंभाराच्या चाकावरची कवेलू होतीच. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती सपाट कौलं आपल्याकडे 'इंग्रजी कवेलू' झाली. मग टिनाचे पत्रे आले. सेवाग्रामची बापू कुटी पाहिलीत तर माती, बांबू आणि कवेलू अजून दिसतात, पण जपलेली वास्तू म्हणून.

गवताचे गोडवे गायचे नाहीयेत. आग लागायची, साप निघायचे, गळायचंही. पत्रा आला तो उगाच नाही. पण मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की त्याच पत्र्याखाली बसवत नाही, हेही खरं.

विळा आजही आठवडी बाजारात मिळतो. त्याने छप्पर कसं उभं करायचं हे सांगणारे मात्र म्हातारे झालेत. आपल्या भाषेत सांगायचं तर कीबोर्ड शिल्लक आहे, कोड चाललाय. गावी आजोबा असतील तर या पावसाळ्याआधी विचारून घ्या. आणि हो, शब्दही लिहून घ्या.