अप्पू घर : एका जागेचे धनी

सरकारी दप्तरात जागेची हकीकत थोडक्यात आटोपते : मालक कोण, पट्टेदार कोण, मुदत किती. दिल्लीच्या ‘अप्पू घरा’ची हकीकत या तीन रकान्यांत मावत नाही, म्हणून तिचा परामर्श घ्यावयाचे आम्ही योजिले आहे.

१९७२ साली आशियाई व्यापार-मेळ्याकरिता प्रगती मैदान उभे राहिले. १९ नोव्हेंबर १९८२ रोजी राजधानीत आशियाई क्रीडास्पर्धा सुरू झाल्या, आणि त्यांचे बोधचिन्ह असलेले हत्तीचे पिल्लू ‘अप्पू’ घरोघरी पोहोचले. बरोबर दोन वर्षांनी, १९ नोव्हेंबर १९८४ रोजी, त्याच्याच नावाच्या क्रीडोद्यानाचे उद्घाटन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. तो इंदिराजींचा जन्मदिन. त्यांच्या हत्येस तीन आठवडेही लोटले नव्हते. शोकाने व दंगलींनी होरपळलेल्या शहरात मुलांसाठी पाळणे फिरू लागले!

मालकीचा प्रकार मात्र पहिल्यापासूनच गुंतागुंतीचा होता. जमीन सरकारची, मैदानाचा कारभार व्यापार-मेळा प्राधिकरणाकडे, आणि पाळणे, आगगाड्या व तिकिटे एका खाजगी कंपनीकडे. १९९२ साली प्राधिकरण विलीन होऊन भारतीय व्यापार संवर्धन संघटना अस्तित्वात आली. म्हणजे घरमालकाचे नाव बदलले, भाडेकरू तोच राहिला. पुढे पट्ट्याचा वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर फेब्रुवारी २००८ मध्ये उद्यानाचे दरवाजे बंद झाले. ती जमीन न्यायालयाच्याच विस्तारासाठी हवी होती. तेथील नव्या इमारतीचे उद्घाटन १७ जुलै २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केले.

यात अन्याय झाला असे आम्ही म्हणत नाही. खटल्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या न्यायालयास जागेची निकड खरीच होती, आणि मुदतीच्या जागेवर कायमचा हक्क कोणी सांगू नये, हे सरकारी निवासस्थानांत राहणाऱ्या आम्हांस वेगळे सांगावयास नको. परंतु तेवीस वर्षे सुटीच्या दिवशी तेथे रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांचे नाव एकाही करारात नव्हते, आणि म्हणून जागा सोडण्याची नोटीसही त्यांना कोणी दिली नाही. बदलीच्या गावी वाढलेल्या आपल्या मुलांना वडिलोपार्जित वाडा ठाऊक नसतो. त्यांचे बालपण अशाच परक्या जागांच्या आधाराने उभे राहते. अशी जागा हस्तांतरित होताना त्यांच्यासाठी पाळण्यापुरता कोपरा राखून ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे.