न दिसलेल्या गॅमा किरणांची गोष्ट

सुट्टीत भवानी पेठेत घरी आले होते. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू असतानाच एम.एस्सी.च्या एका मुलीची सिनॉप्सिस वाचायला घेतली. पहिल्याच पानावर वाक्य होतं: ‘रेडिओ दीर्घिकांचे झोत आणि लोब यांतून येणारे क्ष-किरण हे वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाच्या विकिरणातून येतात.’ वाचून हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी माझ्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये हेच वाक्य होतं. त्यातला लोबचा भाग बरोबर आहे. झोताचा भाग 2000 साली बरोबर वाटत होता.

आधी लोब. दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून दोन झोत निघतात आणि लाखो प्रकाशवर्षं दूर जाऊन फुगतात, ते लोब. त्यांतले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी देतात. याला सिंक्रोट्रॉन म्हणतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना टिपतात ते हेच. पण इथे एक अडचण आहे. रेडिओ तेज इलेक्ट्रॉनांची संख्या आणि चुंबकीय क्षेत्र या दोन्हींवर अवलंबून असतं. इलेक्ट्रॉन जास्त आणि क्षेत्र कमी, की उलटं, हे नुसत्या रेडिओवरून कळत नाही.

इथे क्ष-किरण कामाला येतात. पार्श्वभूमी प्रारणाचे फोटॉन सगळीकडे आहेत आणि त्यांची घनता आपल्याला नेमकी माहीत आहे. विराम ऊर्जेच्या हजारपट ऊर्जा असलेला इलेक्ट्रॉन अशा फोटॉनला धडकला, की फोटॉनची ऊर्जा साधारण दहा लाख पट वाढते आणि तो थेट क्ष-किरण होतो. म्हणजे क्ष-किरण मोजले की इलेक्ट्रॉन मोजले, आणि मग रेडिओवरून चुंबकीय क्षेत्र वेगळं काढता येतं. हॅरिस आणि ग्रिंडले यांनी 1979 मध्ये हे मांडलं. 1995 मध्ये फोर्नॅक्स ए या दीर्घिकेच्या लोबमध्ये ते सापडलं, तेही रोसॅट आणि अस्का या दोन वेगवेगळ्या उपग्रहांना.

(जीएमआरटीसारख्या कमी वारंवारतेच्या दुर्बिणी इथे का लागतात, हा मुलाखतीत हमखास विचारण्यासारखा प्रश्न आहे. क्ष-किरण देणारे हे इलेक्ट्रॉन रेडिओत काही मेगाहर्ट्झ ते काही दशक मेगाहर्ट्झला चमकतात. तुम्ही जितक्या खालच्या वारंवारतेला बघाल, तितके त्याच इलेक्ट्रॉनांच्या जवळ जाता.)

आता झोत. जुलै 1999 मध्ये चंद्रा वेधशाळा अवकाशात गेली. ऑगस्टमध्ये फोकस लावायला एक ठिपक्यासारखा स्रोत हवा होता, म्हणून पीकेएस 0637-752 हा क्वेसार निवडला. निघाला ठिपका आणि त्याला लागून क्ष-किरणांचा लांबलचक झोत! अपेक्षेपेक्षा कितीतरी तेजस्वी. रेडिओ आणि दृश्य प्रकाशाची रेघ पुढे वाढवली तर क्ष-किरण तिच्या खूप वर येत होते, म्हणजे त्याच इलेक्ट्रॉनांच्या सिंक्रोट्रॉनने काम भागत नव्हतं.

तावेकियो आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये, चेलोत्ती आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये उत्तर दिलं: लोबमध्ये चालतं तेच इथेही. फक्त अट अशी, की लाखो प्रकाशवर्षं गेल्यावरही झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, साधारण आपल्याच दिशेने येत असला पाहिजे. अट मोठी होती, पण गणित जमलं आणि पुढची अनेक वर्षं पेपरांमागून पेपर याच गृहीतावर आले. झोतांचे वेग, ताकद, चुंबकीय क्षेत्रं सगळं त्यावरून काढलं गेलं.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. जॉर्जनोपूलोस आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं, की ही कल्पना खरी असेल तर त्याच झोतातून ठरावीक प्रमाणात गॅमा किरणही यायलाच हवेत. आकडा रेडिओ आणि दृश्य मोजमापांवरूनच ठरतो, तिथे हवा तसा फिरवायला स्क्रू उरत नाही. फर्मी दुर्बीण तेव्हा अवकाशात गेलीसुद्धा नव्हती, ती 2008 मध्ये गेली. फर्मीला झोत आणि केंद्र वेगळे दिसत नाहीत. म्हणून मायर आणि जॉर्जनोपूलोस यांनी केंद्र शांत असतानाचाच डेटा निवडून जोडला. 2014 मध्ये 3सी 273 आणि 2015 मध्ये खुद्द पीकेएस 0637-752. गॅमा किरण भाकितापेक्षा कमी. दुसऱ्या एका झोताच्या दृश्य प्रकाशात 2013 मध्येच हबलला 30 टक्क्यांहून जास्त ध्रुवण मिळालं होतं, तेही सिंक्रोट्रॉनकडेच बोट दाखवत होतं.

म्हणजे या झोतांत अतिशय जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची दुसरी फौज मानावी लागते. असे इलेक्ट्रॉन फार लवकर ऊर्जा गमावतात, म्हणून ते केंद्रातून आलेले नसून वाटेतच तयार होत असणार. 2020 मध्ये हेस दुर्बिणींना सेंटॉरस ए च्या झोताच्या दिशेने पसरलेले अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण दिसले, तेव्हा जवळच्या दीर्घिकेपुरतं तरी हे पक्कं झालं. फार दूरच्या झोतांबद्दल वाद चालू आहे, कारण तिथे पार्श्वभूमी प्रारणच खूप दाट असतं.

त्या मुलीला दोन गोष्टी कळवल्या. लोबचं गणित आहे तसंच ठेव. झोतांच्या तक्त्यातला चुंबकीय क्षेत्राचा रकाना मात्र काढ, कारण त्यातले आकडे 2005 च्या आसपासच्या पेपरांतून जसेच्या तसे आले आहेत. तिचा परत मेसेज आला, ‘ताई, मग चॅप्टर तीन अर्धाच राहतो.’ माझाही राहिला होता.