यंदा किती सुटला?

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. दिवाळीच्या तोंडावर बोनस हातात पडला की वाण्याची उधारी फिटायची, कोकणात मनीऑर्डर जायची, आम्हा भावंडांना एकाच ताग्यातले कपडे शिवले जायचे. पण बोनस दिला म्हणून मालकाचं कुणी नाव काढल्याचं लालबागच्या आमच्या चाळीत मी कधी ऐकलं नाही. जिन्यात, नळावर, खानावळीत एकच प्रश्न: यंदा किती टक्के सुटला? पुढे कामगार खटले चालवणाऱ्या एका वकिलांकडे मी टायपिस्ट म्हणून लागले. जुने निवाडे टाइप करता करता या कोरडेपणाचं मूळ सापडत गेलं.

गिरण्यांच्या आधीपासून आपल्याकडे पोस्त होती. दिवाळीत गडीमाणसांना चार पैसे द्यायचे, दसऱ्याला एखादं पागोटं. देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याचा नमस्कार, असा तो व्यवहार. ही मर्जी जमशेटजी टाटांनी नागपुरात मोठ्या हुशारीने गिरणीत आणली. त्यांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली होती, म्हणून हे नाव. गिरणी सुरू झाली, पण माणसं टिकेनात. रोज पाचातला एक तरी गैरहजर. खर्चापुरते पैसे जमले की मंडळी घरी बसत. यावर इतर मालकांचा उपाय म्हणजे दंड. जमशेटजींनी बक्षिसं लावली. खेळांचे सामने, कुटुंबासह मेळावे, आणि त्यात रोख रक्कम, सोनसाखळ्या, घड्याळं. भोंग्यावर येणाऱ्याच्याच हाती घड्याळ द्यायचं, यातला मिस्कीलपणा मला फार आवडतो. शिवाय 1886 मध्ये पेन्शन फंड आणि 1895 पासून अपघाताची भरपाई. सरकारला असलं काही सुचण्याच्या कितीतरी आधी. पण मालक शहाणा होता म्हणून हे मिळालं. तो तसा नसता तर?

याचं उत्तर मुंबईने शोधलं. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना बरकत आली आणि बाजारात धान्य महागलं. मालकांनी 1917 मध्ये पगारावर दहा टक्के युद्धभत्ता दिला, 1918 मध्ये पंधरा केला; त्याला बोनसच म्हणत. नफा आणखी फुगला, तेव्हा 1919 पासून चार वर्षांचा बोनस म्हणून दरवर्षी एका महिन्याचा पगार निराळा मिळाला. चार वेळा आलेला पैसा गरिबाच्या घरात पाहुणा राहत नाही. त्यावर लग्नं ठरतात, सावकाराला वायदे दिले जातात. मग मंदी आली आणि 1923 चा बोनस मिळणार नाही, असं मालकांनी सांगून टाकलं.

जानेवारी 1924 मध्ये दीड लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने मार्चमध्ये निकाल दिला: दरवर्षी बोनस मागण्याचा कामगारांना ना रूढीने, ना कायद्याने, ना न्यायबुद्धीने हक्क पोचतो; आणि त्या वर्षीच्या नफ्यातून तो देणं परवडणारंही नाही. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य असेल, ताळेबंद तसेच होते. पहिला मात्र मला आजही खटकतो. मालकाने दिलं ती कृपा, थांबवलं ती त्याची मर्जी, असं कोर्टकचेरीच्या भाषेत पक्कं झालं. मार्च सरता सरता कामगार रिकाम्या हातांनी साच्यांवर परतले.

हे उलटायला पाव शतक गेलं. 1950 मध्ये मुंबईच्याच गिरणीमालक संघाच्या आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या खटल्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने हिशेबाची रीत घालून दिली. नफ्यातून घसारा, यंत्रं बदलण्याची तरतूद, भागभांडवलावर सहा टक्के वगैरे वजा करा. उरेल त्यात कामगाराचाही वाटा. पुढे मेहेर आयोग बसला आणि 1965 चा बोनस कायदा आला: तोटा झाला तरी किमान चार टक्के, कमाल वीस. 1972 मध्ये किमान 8.33 झाला. हा अपूर्णांकी आकडा टाइप करताना मला आधी विचित्र वाटायचा. वर्षाच्या पगाराचे 8.33 टक्के म्हणजे बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. चोविसाली जो मागून मिळाला नव्हता, तोच. आणीबाणीत 1975 साली त्याला कात्री लागली, 1977 मध्ये तो परत आला.

वीस टक्क्यांची कमाल मात्र स्वप्नासारखी समोर लटकत राहिली. 1981 च्या दिवाळीत मान्यताप्राप्त संघाने केलेला करार काही गिरण्यांतल्या कामगारांना पटला नाही. ते उठून कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. 18 जानेवारी 1982 रोजी जो संप सुरू झाला, त्यात अडीच लाख कामगार होते. तो बोनसपुरता उरला नव्हता, आणि रीतसर मिटलाही नाही. आमच्या चाळीने त्यापायी काय काय विकलं, ते इथे नको.

आज मुंबईत, पुण्यात घरकामाला येणाऱ्या बाईला दिवाळीत एक पगार जास्त द्यायची पद्धत आहे. ती कुणी घालून दिली ते कुणी सांगत नाही. मला तीत गिरण्यांचा महिनाच दिसतो. बोनसचा कायदा या घरांना लागू नाही. त्यामुळे दर ऑक्टोबरात आमच्या सोसायटीत चर्चा रंगते: पूर्ण पगार द्यायचा की अर्धा, की साडी आणि मिठाईचा डबा? सहा महिन्यांपूर्वीच लागली असेल तर? मॅक्लिऑडसाहेबांचा निकाल आमच्या सोसायटीत अजून चालू आहे.