झाकलेले दुखणे

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले, हे आम्हां भिलाईकरांस पाठ आहे. येथील घरांत स्त्रियांनी काय सोसले, त्याची नोंद मात्र कोठेच सापडत नाही. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास वाचताना हीच उणीव जाणवते.

हिरोडोटसने दरायस बादशहाची राणी अतोसा हिची हकीकत दिली आहे. स्तनावरची गाठ लहान होती तोवर तिने लाजेने कोणास सांगितले नाही. ती फुटून पसरू लागली तेव्हाच ग्रीक वैद्य डेमोसिडीझ यास बोलावले. वैद्याने मोबदला काय मागितला हे इतिहासकार सविस्तर सांगतो. राणीच्या मनाच्या वाट्यास आला तो ‘लाज’ हा एकच शब्द!

इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिची शस्त्रक्रिया ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, भुलीवाचून झाली. पतीस वेदना नकोत म्हणून तिने त्यांस त्या वेळी घराबाहेर ठेवले. बहिणीला सारे कळविणारे पत्र पुरे करण्यास तिला कित्येक महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचवेना. पुढे हॉल्स्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची पद्धत रूढ केली. रोग उलटला की नाही, हे शल्यवैद्य मोजीत. आरशापुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रीचे काय, हे मोजण्याचे कोणास सुचले नाही.

ते सुचले एका रुग्ण स्त्रीलाच. न्यूयॉर्कच्या टेरेसे लासर यांची शस्त्रक्रिया १९५२ साली झाली. हात कसा हलवावा, काय नेसावे, याचे उत्तर कोणी देईना. तेव्हा त्या स्वतःच इतर स्त्रियांच्या खाटेपाशी जाऊ लागल्या. हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी, एवढीच काय ती सामग्री! काही डॉक्टरांस हे रुचले नाही. तरी १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे कार्य आपलेसे केले.

आमच्याकडे निदान सेक्टर नऊच्या रुग्णालयात होवो, की मुंबईच्या १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयात; माहेरी ‘सर्व कुशल’ एवढेच कळविले जाते. मुलीचे लग्न ठरेपर्यंत वाच्यता नको, असे घरची माणसे मायेनेच म्हणतात. तिला मात्र वाटते, आपली लाज वाटते. १९८५ साली फिशर यांच्या संशोधनाने दाखविले, की पुष्कळ रुग्णांत गाठ काढून किरणोपचार केल्यास संपूर्ण स्तन काढल्याइतकेच आयुष्य लाभते. सुरी आवरली, मौन आवरले नाही. त्याला उपाय म्हणजे तेच भोगलेली, आपल्या भाषेत बोलणारी एखादी बाई. ती चार घरे सोडूनही राहत असेल. पण तिनेही आपले दुखणे झाकलेलेच असते.