‘आरसेप’नंतरचे दूध आणि कांदा

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’ करारातून अंग काढून घेतले. राजारामपुरीत दूध पिशवीतून येते. राधानगरी-कागलकडे ते रोज गावच्या संस्थेच्या काट्यावर जाते, तिथून ‘गोकुळ’ला. चर्चा होती ती तिकडे. न्यूझीलंड आपले बहुतेक दूध परदेशीच विकतो. त्याची भुकटी शुल्काविना आली तर दोन म्हशीवाल्याने काय करायचे? आदल्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, भुकटीचे साठे पडून राहिल्याने दर कोसळले होते आणि राजू शेट्टींच्या ‘स्वाभिमानी’ने आंदोलन केल्यावर लिटरला २५ रुपये कबूल झाले. ती भुकटी तर घरचीच होती.

दुसरा पक्षही जुना आहे. १९९१च्या डंकेल मसुद्याला कर्नाटकात नंजुंडस्वामींनी विरोध केला, तेव्हा शरद जोशी मसुद्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा हिशेब असा, की शेतकऱ्याला आपलेच सरकार उणे सबसिडीने लुटते. बाजार खुला झाला तर निदान त्याचा हात आखडेल. (शेट्टीही मूळचे जोशींच्याच संघटनेतले.)

माझ्या मते जोशींचा मुद्दा कांद्याने जिवंत ठेवला. बँकॉकच्या पाच आठवडे आधी, २९ सप्टेंबरला, केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि नोव्हेंबरात आयात ठरवली. दूधवाल्याला दार बंद हवे होते, ते झाले. कांदेवाल्याला उघडे हवे होते, त्याला कुणी विचारले नाही. उरलेल्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी करारावर सह्या केल्या, त्या दिवशी कांद्याची निर्यात पुन्हा बंदच होती. ती १ जानेवारी २०२१ला खुली झाली.